ते पैसे कुणाचे होते?

‘काका, प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी खास उपासना झाली. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी मंदिराच्या पेटीत आपल्याजवळच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या दरिद्री विधवेवर संदेश दिला. “तिनं उद्याचा हिशोब मांडला नाही,” असं ते म्हणाले आणि मला राहवेना. किती देणार ते लिहून द्यायची संकल्पपत्रं वाटली तेव्हा मी आमच्या मुदत ठेवीची सगळी रक्कम लिहिली, सही केली आणि पुढं नेऊन दिली. ठेव आम्हा दोघांच्या नावावर आहे. हे शेजारीच बसले होते. मी यांना विचारलं नाही.

तेव्हापासून हे रागावले नाहीत, भांडले नाहीत. फक्त बोलणं कमी झालंय. सहा महिन्यांनी मुलाचं कॉलेज सुरू होईल. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आधीच लांबणीवर पडलंय. दोन्हींसाठी तीच ठेव होती, दुसरी शिल्लक नाही. माझ्या शिकवण्यांचे थोडे पैसे आठ वर्षं साठवतेय, पण ते यरुशलेमच्या यात्रेसाठी, तो हिशोब वेगळा.

आता शब्द मागे घेतला तर मी हनन्या-सप्पीरेसारखी ठरेन का? आणि असा हिशोब करत बसणं हाच अविश्वास आहे का? रात्र रात्र झोप लागत नाही.

– तुमची एक भगिनी’

ताई, सलाम.

आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट घेतो, बाकीचं मागून. तुम्ही सप्पीरा नाही. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनी जमीन विकून आलेल्या पैशांतले काही लपवले, सगळे दिले असं भासवलं आणि दोघं जागच्या जागी मेली, म्हणून तुम्हाला भीती वाटते. प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय पुन्हा उघडा आणि प्रेषित पेत्र हनन्याला काय विचारतो ते सावकाश वाचा. विकण्याआधी जमीन तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना, असं तो विचारतो. म्हणजे हनन्यानं काहीच दिलं नसतं तरी त्याला कुणी बोललं नसतं. अर्धं दिलं असतं, तरी नाही. काही भाग देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तिथं तो फसला. हात आखडला हा त्याचा गुन्हा नव्हता, खोटेपणा हा होता. तुम्ही पाळकसाहेबांसमोर जाऊन ‘मी लिहिलं ते माझ्या एकटीचं नव्हतं’ असं सांगितलंत, तर हनन्यानं जे केलं त्याच्या बरोबर उलट कराल.

शब्दाला वजन असतं, हे मी नाकारत नाही. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असं पवित्र शास्त्रातल्या ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकात आहे आणि ते खरंच आहे. पण त्याच शास्त्रात लेवीयचा सत्ताविसावा अध्यायही आहे. माणसानं स्वतःला किंवा आपल्या माणसाला देवाला वाहण्याचा नवस केला, तर त्याचं किती मोल द्यायचं हे तिथं वयानुसार ठरवून दिलंय. विसापासून साठ वर्षांपर्यंतच्या पुरुषाला पन्नास शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) रुपे, बाईला तीस, अशी ती यादी आहे. आणि यादी संपते न संपते तोच आठव्या वचनात म्हटलंय की नवस करणाऱ्याला हे झेपत नसेल, तर त्यानं याजकासमोर उभं राहावं आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. भक्तीच्या भरात माणूस झेपेल त्याहून जास्त बोलून बसतो, हे नियमशास्त्रानं धरूनच ठेवलंय. त्याला हाकलून दिलेलं नाही, याजकाकडे जायची वाट दाखवली आहे. तेव्हा पाळकसाहेबांकडे जायला बिचकू नका.

एवढ्यानं तुम्हाला आज झोप लागावी. पण तुमच्या पत्रात जे खरं दुखतंय ते वेगळंच आहे. त्यासाठी मला माझंच एक जुनं पान उघडावं लागेल.

मी तेव्हा विशीत होतो. धाकट्या भावाच्या परीक्षेची फी भरायची होती आणि वडिलांनी ते पैसे माझ्याकडे दिले होते. साधं पाकीट, त्यावर वडिलांनी पेन्सिलीनं भावाचं नाव लिहिलेलं. ते शर्टाच्या खिशात ठेवून मी संध्याकाळी एका जागृतीच्या सभेला गेलो. संदेश जबरदस्त होता. अर्पणाची थैली रांगेतून माझ्यापर्यंत आली तेव्हा माझे हात थरथरत होते. मी पाकीट उघडलं, पैसे काढले, थैलीत टाकले आणि रिकामं पाकीट परत खिशात ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी खरं होतं, ताई. आजही मी त्याला खोटं म्हणणार नाही. सभा संपल्यावर मी साक्ष दिली आणि लोकांनी पाठ थोपटली.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते एकतर ओरडतील, नाहीतर जवळ घेतील. त्यांनी फक्त हात पुढं केला, पाकीट मागितलं आणि त्यावरचं नाव माझ्याकडं वळवून विचारलं, ‘हे पैसे कुणाचे होते?’

भावाचं ते वर्ष गेलं. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही, आजतागायत नाही. त्याग त्याचा झाला आणि साक्ष मी दिली.

तुमचं पत्र वाचताना मला ते पाकीट दिसत होतं. तुम्ही विचारता, मी विश्वासात कमी पडते का? तुमच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही. मला विचारायचंय ते वडिलांनीच मला विचारलं होतं.

पवित्र शास्त्रात एक डोंगर आहे. मोरिया. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन त्या प्रदेशात गेला आणि सुरा उचललेला हात वरून थांबवला गेला. पुढं कित्येक शतकांनी त्याच ठिकाणी यबूसी अरवनाचं खळं होतं. दावीद राजाच्या मुलानं, शलमोनानं, मंदिर बांधलं ते ह्याच खळ्याच्या जागी, मोरिया डोंगरावर, असं दुसऱ्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही आठ वर्षं ज्या यात्रेसाठी पैसे साठवताय, त्या यात्रेत ही जागा लागते.

दावीद त्या खळ्यावर आला तो मोठ्या संकटात. त्यानं केलेल्या शिरगणतीनंतर देशात मरी आली होती आणि सत्तर हजार माणसं गेली होती. गाद संदेष्ट्यानं सांगितलं, तिथं वेदी बांध. अरवनानं राजाला पाहिलं, जमिनीपर्यंत लवून नमस्कार केला आणि म्हणाला, महाराज, हे घ्या. होमबलीला बैल आहेत, सरपणाला मळणीची अवजारं आहेत, बैलांची जुवं आहेत. किती मोठं मन! आणि घाई किती, तर बाहेर माणसं मरत होती. तरी दावीद म्हणाला, नाही. मी मोल देऊन घेईन. मला फुकट पडलेलं होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही. पन्नास शेकेल रुपे मोजून त्यानं खळं आणि बैल विकत घेतले.

ह्या वचनावर संदेश झाले की ‘महागाचं द्या’ एवढंच कानावर पडतं. ते बरोबरच आहे. पण त्यानं नाकारलं काय, तेही बघायला हवं. त्यानं दुसऱ्याचे बैल नाकारले. अरवनाचे बैल जाळले असते तरी धूर तसाच वर गेला असता, फक्त किंमत अरवनानं मोजली असती आणि वेदी दाविदाच्या नावावर राहिली असती. अरवना तर स्वखुशीनं देत होता. तुमच्या मुलानं, सासूबाईंनी, यजमानांनी अजून तेवढंही म्हटलेलं नाही.

ह्याची दुसरी बाजू शास्ते पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे आणि ती वाचताना माझा घसा दाटतो. इफ्ताह लढाईला जाताना नवस बोलला की विजयी होऊन परतल्यावर घराच्या दारातून जे प्रथम सामोरं येईल ते परमेश्वराचं. सामोरी आली ती डफ घेऊन नाचत येणारी त्याची एकुलती एक मुलगी. बोलला बाप आणि मोल पडलं लेकीला. देवानं त्याच्याकडं असा नवस मागितल्याचं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

आणि प्रभू येशूचे शब्द तर फार कडक आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करायचं आणि मग आईबापांसाठी काही करायचं नाही, अशी एक सोय त्या काळी झाली होती. तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं प्रभू त्यांना तोंडावर म्हणाला. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि वसतिगृह, दोन्ही त्याच्याच नजरेसमोर आहेत. एकाच्या नावानं दुसऱ्याचं ओढून दिलेलं तो गोड मानून घेईल, असं मला नाही वाटत.

आता तुम्ही म्हणाल, पण ती विधवा?

चला, तिच्याकडं जाऊ. तीही त्याच डोंगरावर होती, हेरोदाच्या काळच्या मंदिरात. यहुदी परंपरेत नोंद आहे की मंदिरात दानासाठी तेरा पेट्या होत्या, कर्ण्यासारख्या तोंडाच्या. प्रभू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. तिनं दोन टोल्या टाकल्या. मजुराच्या दिवसभराच्या मजुरीचं नाणं म्हणजे दिनार, आणि ह्या दोन टोल्या मिळून त्याचा चौसष्टावा भाग. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसाची अकरा-बारा मिनिटांची कमाई. दोन होत्या, एक मागं ठेवता आली असती. तिनं ठेवली नाही. तिनं आपली सगळी उपजीविका टाकली, असं प्रभू म्हणतो. ‘आपली’ ह्या शब्दावर बोट ठेवा. ती विधवा होती. त्या दोन टोल्यांत आणखी कुणाचा वाटा असल्याचं मार्क किंवा लूक सांगत नाहीत. ती शेजारी बसलेल्या माणसाचा खिसा रिकामा करून पेटीकडं गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगतो. उपदेशकांची भावना वाईट होती असं मी म्हणत नाही, पण मार्कच्या बाराव्या अध्यायात ह्या गोष्टीच्या लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, प्रभू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांबद्दल, बोलतो. ते विधवांची घरं गिळतात आणि ढोंगानं लांबलचक प्रार्थना करतात, असं म्हणतो. त्यानंतर लगेच ही विधवा येते. आणि तिच्यानंतर लगेच, तेराव्या अध्यायाच्या आरंभी, ह्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं तो सांगतो. त्यानं तिचं कौतुक केलं हे खरंच आहे. पण ज्यानं तिचं कौतुक केलं त्याला तिचं घर कोण गिळतंय हेही दिसत होतं. दोन टोल्यांवर बोलणाऱ्यानं चाळिसावं वचनही वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

सारफथच्या विधवेचीही गोष्ट तुमच्या मनात असेल. तिच्या मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि एलीया संदेष्टा म्हणाला, आधी मला भाकर कर, मग तुला आणि तुझ्या मुलाला. तिथं तर लेकराचाच घास होता! मी ह्या प्रश्नाशी पुष्कळ झगडलोय. पण राजांच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय नीट वाचला की दिसतं, एलीयानं मागणीबरोबरच वचन दिलं. पाऊस पडेपर्यंत पिठाचं मडकं रिकामं होणार नाही, तेलाची कुपी आटणार नाही. आणि ती, एलीया आणि तिचं घर पुष्कळ दिवस जेवले. लेकराच्या तोंडचं काढून घेतलं गेलं नाही. इसहाकाच्या वेळीही हात थांबवला गेलाच. कुणाला देवाकडून असा नेमका शब्द मिळाला असेल, तर त्याच्यापुढं मी काय बोलणार? पण सभेतली हुरहुर आणि तसा शब्द ह्यांत फरक आहे. मी माझ्या हुरहुरीला शब्द समजलो होतो.

हिशोब म्हणजे अविश्वास का? नाही, ताई. लूक चौदा पाहा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेणार नाही का, असं प्रभूच विचारतो. आणि कुठं विचारतो, तर सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही, हे सांगतानाच. जिथं तो सगळं मागतो तिथंच तो बसून मोजायलाही सांगतो. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलं ते असं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करायला नकोत. पौल आला की एकदम भरून येऊन द्यायचं, असं त्याला नको होतं. आठवड्यामागून आठवडा, घरात बसून, मोजून बाजूला काढलेलं हवं होतं.

इथवर वाचून तुमच्या मनावरचं ओझं उतरलं असेल तर मला आनंद आहे. पण माझं पत्र इथंच संपवलं तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. कारण ‘घरच्यांचा वाटा आहे’ असं म्हणत जन्मभर मूठ मिटून बसलेली माणसंही मी पाहिली आहेत, आणि प्रभूनं वधस्तंभावर जे दिलं त्याच्यापुढं ते मला सहन होत नाही. तो धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला, असं पौल म्हणतो. झळ लागेल असं देणं विश्वासणाऱ्याच्या आयुष्यात असायलाच हवं.

मासेदोनियाच्या मंडळ्यांनी तसं दिलं. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी जमवत होता. मासेदोनियातले लोक स्वतःच छळात आणि कमालीच्या दारिद्र्यात होते. पौलानं त्यांच्यावर दबाव टाकला नाही. उलट, आम्हाला ह्यात वाटा घेऊ द्या म्हणून तेच त्याच्या मागं लागले आणि शक्तीपलीकडं दिलं. ‘शक्तीपलीकडं’ हा शब्द मी पुसणार नाही. पण त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं, असं दुसऱ्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात आहे. तिथं आरंभ स्वतःपासून झाला होता. आणि ह्या मासेदोनियाचं उदाहरण देऊन करिंथकरांना उत्तेजन देतानाही पौल सांगतो, मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही. दुसऱ्यांचं ओझं हलकं व्हावं आणि तुमच्यावर ते पडावं असं नाही, समानता व्हावी.

मी पुष्कळ वर्षं आमच्या मंडळीत अर्पण मोजायला बसलो. उपासना संपून दारं लोटली की टेबलावर थैली उपडी करायची, नाणी एकीकडं, नोटा एकीकडं. त्यात दर महिन्याला एक लिफाफा यायचा, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास असायचा. रक्कम मोठी नसायची. पुढं कधीतरी कळलं की एक बाई दिवसाचं ठरलेलं काम संपल्यावर रोज एक तास जादा शिवायची आणि त्या तासाचं सगळं ह्या लिफाफ्यात घालायची. घरात कुणाचं काही कमी झालं नाही. तिच्या पाठीचा कणा तेवढा जास्त वाकला. तो तास तिचा स्वतःचा होता, तो तिनं दिला. मला त्या लिफाफ्याला हात लावताना संकोच वाटायचा.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं आपल्या एका उपदेशात ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाची हकिगत सांगितली आहे. तो तरुण वेस्ली स्वतःच, असं पुष्कळ जण मानतात. पहिल्या वर्षी त्याला 30 पौंड मिळाले. 28 मध्ये तो राहिला आणि 2 दिले. दुसऱ्या वर्षी 60 मिळाले, तरी 28 मध्येच राहिला आणि 32 दिले. तिसऱ्या वर्षी 90 पैकी 62 गेले आणि चौथ्या वर्षी 120 पैकी 92. चारही वर्षं तो राहिला त्याच 28 पौंडांत. एका रात्रीत सही करण्यापेक्षा हे मला फार अवघड वाटतं, कारण इथं रोज सकाळी उठून पुन्हा ‘नाही, मला एवढंच पुरे’ असं म्हणावं लागतं.

आणि आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडं येतो. रागावू नका. ‘ते यरुशलेमच्या यात्रेसाठी, तो हिशोब वेगळा.’

मुलाचं कॉलेज तुम्ही वेदीवर ठेवलंत. सासूबाईंचे गुडघे ठेवलेत. यजमानांचा निम्मा वाटा ठेवलात. आणि एकट्या तुमच्या घामाचे, एकट्या तुमच्या स्वप्नाचे पैसे तेवढे वेगळ्या हिशोबात राहिले. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मला अजिबात वाटत नाही. माझ्याही खिशात त्या संध्याकाळी भावाच्या पाकिटाशेजारी माझे स्वतःचे पैसे होते. मी नवं घड्याळ घ्यायला जमवत होतो. त्यांना हात लावायचं मला सुचलंदेखील नाही. आपलं सगळ्यात लाडकं जे असतं ते आपल्या नजरेलाच असं चुकवून जातं.

ते देऊन टाका, असं मी सांगत नाही. मला तो अधिकार नाही. बेथानीच्या मरीयेनं तीनशे दिनारांचं जटामांसीचं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतलं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी. ते विकून गरिबांना का दिलं नाही, असं विचारणाऱ्याला प्रभूनंच गप्प केलं. ते तेल तिचं होतं आणि कुठं ओतायचं हे तिच्या प्रेमानं ठरवलं. तुमची यात्राही प्रेमाचीच असेल. कदाचित तुम्ही प्रार्थनेला बसाल आणि प्रभू म्हणेल, ‘ये, जा बघून.’ तर जा, आणि मनात रुखरुख ठेवू नका. पण एकदा त्याला विचारा. ‘तो हिशोब वेगळा’ म्हणून दार लावून घेऊ नका. सगळे पैसे नको असतील, त्यातला एखादा वाटा असेल, किंवा यात्रा आणखी दोन वर्षं पुढं ढकलणं असेल. तुमच्या शिकवण्यांचे तास आहेत. वसतिगृहातल्या मुलांनाही शिकवायला कुणीतरी लागेलच. देताना कुठंतरी टोचेल. ते टोचणं तुमचं असेल, मुलाचं नव्हे.

आता करायचं काय ते थोडक्यात. येत्या आठवड्यातच पाळकसाहेबांना भेटा, शक्यतो दोघं मिळून. जे झालं ते आहे तसं सांगा आणि संकल्पपत्र परत मागून घ्या. ते रागावले, दबाव टाकला, शापाची भाषा केली, तर मला पुन्हा लिहा. पण चांगला मेंढपाळ तसं करणार नाही. वसतिगृहाचा हिशोब कोण पाहतं, हेही सहज विचारा. त्यात अविश्वास नाही. यरुशलेमची वर्गणी नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता, कुणी बोट दाखवू नये म्हणून. मुलालाही घडलेलं सांगा. आईनं चूक कबूल करून ती निस्तरली, हे त्याच्या पुढं आयुष्यभर उपयोगी पडेल.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम, आज रात्रीच. चार साधी पाकिटं घ्या आणि पेन्सिल. ठेवीची पावती टेबलावर ठेवा आणि यजमानांना समोर बसवा. माफी आधी मागा. ‘मी देवाला दिलं’ असं म्हणू नका, ‘मी तुम्हाला विचारलं नाही’ एवढंच म्हणा. मग एका पाकिटावर मुलाचं नाव लिहा, एकावर सासूबाईंचं, एकावर तुमचं. कॉलेजला किती लागेल, ऑपरेशनला किती लागेल ते दोघांनी मिळून आत चिठ्ठीवर लिहा. उरेल त्यातला तुमचा वाटा तुमच्या पाकिटात. शिकवण्यांचे पैसेही त्याच पाकिटात लिहा, वेगळे ठेवू नका. नवं संकल्पपत्र भराल ते ह्या एका पाकिटातून.

चौथं पाकीट आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. ते किती लिहितील मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.